पार्सलातून काढलेले चिंचोके

जूनचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेबारा. एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि टपाल कचेरीच्या दाराशी ओल्या छत्र्यांचं पाणी साचलं होतं. पार्सलच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक काकू उभ्या होत्या. त्यांच्या खोक्यावर इंग्लंडचा पत्ता होता. खिडकीतल्या ताईंनी खोकं उघडून दाखवायला सांगितलं, तशी एकेक वस्तू बाहेर आली. अंकलिपी, पहिली-दुसरीची बालभारतीची पुस्तकं, सहा दुरेघी वह्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली दगडी पाटी आणि शेवटी प्लास्टिकची एक गोल डबी. डबी उघडली आणि आतले चिंचोके काउंटरवर सांडले. धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून चकचकीत केलेले. "नातवाला मोजायला," काकू म्हणाल्या. ताईंनी मान हलवली. "बिया जात नाहीत काकू. काढून घ्या." काकू एकेक चिंचोका वेचून डबीत भरू लागल्या. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी अगदी सहज, आपुलकीनं विचारलं, "तिकडं शाळा नाहीत का हो?" काकू वेचता वेचता थांबल्या. "आहेत ना. पण यंदा दोघंही घरीच शिकणार आहेत." घरातल्या कुणाचं आजारपण सांगावं तसा त्यांचा आवाज खाली गेला होता.

तो खाली गेलेला आवाज मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे जून म्हणजेच शाळा. नाशिकच्या रविवार कारंजावरून मेन रोडला वळलं की खाकी कव्हरांचे गठ्ठे, रेनकोटांचा रबरी वास, दप्तराची चेन ओढून बघणारी पोरं, "एकरेघी दोनशे पानी आहे का?" असं वरच्या आवाजात विचारणाऱ्या आया. शाळेत न जाणारं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीटभट्टीवरचं नाही तर शेळ्यांमागचं मूल येतं. पुण्यात भिडे वाड्यात 1848 साली मुलींची शाळा भरली, तिथून आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत शाळा पोचायला किती काळ गेला. ज्या घरात ती इतक्या कष्टानं आली, त्या घरातलं मूल आपणहून शाळेबाहेर राहतं म्हटल्यावर छातीत काहीतरी हलणारच. काकूंच्या आवाजात ते होतं. आणि त्याच काकूंनी चिंचोक्यांना तेलाचं बोट लावलं होतं, हेही तितकंच खरं.

परदेशात राहून घरी शिकवायचं ठरवणाऱ्या मराठी घरांची कारणं फार वेगळी नसतात. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतं, वर्षाच्या मध्यावर पोचलं की जवळच्या शाळेत जागा नसते, एखादं मूल तीस जणांच्या वर्गात मिटून जातं, किंवा घरातली भाषा डोळ्यांदेखत आटत जाते. कारण कुठलंही असो, पहिलं काम कागदाचं असतं आणि तिथेच घोटाळे होतात. इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्याचं 7वं कलम शिक्षणाची जबाबदारी आईवडलांवर टाकतं. मुलाला शाळेत पाठवून "किंवा अन्यथा". अख्खी घरशाळा त्या दोन शब्दांवर उभी आहे. मूल साध्या शाळेच्या पटावर असेल तर मुख्याध्यापकांना नाव कमी करण्याचं लेखी पत्र द्यायचं. विशेष शाळेत असेल तर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, संमती लागते. आधी मुलाला घरी ठेवायचं आणि पत्र सवडीनं लिहायचं, ही नेहमीची चूक. मधले दिवस विनापरवानगी गैरहजेरीत धरले जातात आणि सुरुवातच खुलासे देण्यात जाते. त्यांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळायची सक्ती नाही, तासांचा आकडाही ठरलेला नाही, पण कौन्सिल विचारणा करू शकतं, आणि पुढे परीक्षा खासगी उमेदवार म्हणून स्वतःच्या खर्चानं द्यावी लागते. अमेरिकेत सगळ्या राज्यांत परवानगी आहे, पण राज्यागणिक तऱ्हा निराळी. न्यू जर्सीत कुणाला कळवावंही लागत नाही. नदीपलीकडच्या न्यू यॉर्कात 1 जुलैपर्यंत पत्र, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि पहिली ते सहावीला वर्षाचे 900 तास. कॅलिफोर्नियात 1 ते 15 ऑक्टोबरमध्ये प्रतिज्ञापत्र. जर्मनीत तर घरी शिकवायला परवानगीच नाही, तिथे नोकरी घेण्याआधीच हे माहीत हवं. नियम बदलतात, म्हणून नातेवाइकांच्या गटात आलेला जुना निरोप वाचून काही ठरवू नये. आपल्या कौन्सिलचं किंवा राज्याचं संकेतस्थळ त्याच आठवड्यात उघडून बघावं आणि मगच पत्र लिहावं.

कागद झाला की वेळापत्रक. रंगीत पेनांनी आखलेलं, नऊ ते तीन, सहा तास, मधली सुट्टी, फ्रिजवर चिकटवलेलं. हे तिसऱ्या आठवड्यात कोसळतं. शाळेतले सहा तास तीस मुलांचे असतात. हजेरी, रांगा, वह्या वाटणं, दंगा शांत करणं, यात त्यातला केवढातरी भाग जातो. समोर दोनच मुलं असली की सहा-सात वर्षांच्या मुलाचं बैठं काम रोज दीड ते दोन तासांत उरकतं, तेही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. हे कळायच्या आधी आईनं मुलाला सहा तास खुर्चीत बसवलेलं असतं. मूल रडतं, आई रडते आणि नाशिकला फोन जातो की नाही जमत. पहिले पंधरा दिवस फक्त सकाळचे दोन तुकडे ठेवावेत, एक वाचनाचा आणि एक गणिताचा, बाकीचं हळूहळू जोडावं. सुरुवात सप्टेंबरातच करायला हवी असंही नाही. जूनमध्ये नाशिकच्या भावंडांबरोबर सुरू केलेलं वर्ष मला जास्त आवडतं, त्याचं कारण पुढे येईलच. हिवाळ्याचं मात्र आधी ठरवावं. डिसेंबरात इंग्लंडमध्ये चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून बाहेर पडायचं ते जेवणाआधी. आणि एक साधी वही करावी, रोज तारीख टाकून तीन ओळी. काय वाचलं, काय मोजलं, कुठे गेलो. कौन्सिलचं पत्र आलं की हीच वही कामाला येते. वर्षाचं एकदम आठवून लिहायला बसलं की काहीच आठवत नाही.

खरा मुद्दा यापुढे सुरू होतो.

त्या खोक्यातली पुस्तकं बघताना एक गोष्ट टोचली. ती सगळी मराठी शिकवायला चालली होती. परदेशातल्या घरशाळेत मराठीला बहुतेक वेळा एक तास मिळतो, संध्याकाळचा, सगळे दमलेले असतानाचा. गणित इंग्रजीतून, विज्ञान इंग्रजीतून, खेळ इंग्रजीतून आणि मराठी म्हणजे अ अननसाचा. मुलाच्या मनात मग ठसतं की मराठी ही मराठी शिकण्यासाठीच असते, तिच्यात बाकी काही होत नाही. दोन वर्षांत ती भाषा "जेवलीस का?" आणि "आजीला नमस्कार कर" एवढ्यावर येते. माझं म्हणणं स्पष्ट आहे. घरशाळेत मराठी हा विषय ठेवूच नये. एखादा विषय मराठीतून घ्यावा. एकच घ्या, पण पूर्ण घ्या. मोजमाप घ्या, नाही तर नदी घ्या.

मोजमाप म्हणतो, कारण तिथे मराठीकडे असं काही आहे जे इंग्रजीकडे एका शब्दात नाही. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. दीड आणि अडीच हे अपूर्णांक आहेत हे आपल्या मुलांना माहीतही नसतं, ते त्यांच्यासाठी शब्द असतात, लाडू किंवा खुर्ची असावी तसे. पोळ्या लाटताना हे करावं. एका पोळीचे चार भाग, त्यातला एक पाव. तीन उचलले की पाऊण. एक अख्खी आणि एक पाव शेजारी ठेवली की सव्वा. मग दोन पोळ्या ठेवायच्या, त्यातल्या एकीचा पाव भाग काढून घ्यायचा आणि विचारायचं, आता किती? मूल आधी "एक आणि पाऊण" म्हणेल. बरोबर आहे. मग सांगायचं, आपण त्याला पावणेदोन म्हणतो, दोनाला पाव कमी. शब्दाच्या पोटात वजाबाकी आहे, आणि ती मुलाला आपण होऊन दिसली पाहिजे. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. सगळे घोकून घ्यायची गरज नाही, पण दिडकी दहापर्यंत जरूर घ्यावी. दीड एके दीड, दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार. गंमत अशी की साडेचार हा इंग्लंडमधल्या मुलाच्या रोजच्या कामाचा आकडा आहे. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ नाशिकच्या साडेचार तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. तिथे साडेदहाला केलेला फोन आजीकडे तीनला वाजतो, चहाच्या आधी. घड्याळं बदलली की तोच फोन चारला. ते कुणी सांगितलेलं नसतं आणि आजी तासभर फोन हातात घेऊन बसते. म्हणून हा हिशेब मुलाकडेच द्यावा. त्या रविवारी आजीला कळवायचं काम त्याचं.

आकड्यांच्या नावांचं दुखणं खरं आहे, ते झाकू नये. इंग्रजीत दशक आधी येतं, मराठीत एकक आधी. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस. त्यामुळे मूल 72 लिहितं आणि आई म्हणते याला मराठी जमत नाही. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" अशी वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. परदेशातल्या मुलासाठी मला ती पद्धत शिडीसारखी वाटते. पहिले दोन महिने वीस सात म्हणू द्यावं, जोडीला आपण सत्तावीस म्हणत राहावं. शिडी आपोआप सुटते. खरी अडचण असते ती "एकोण"ची. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, प्रत्येक ठिकाणी पुढच्या दशकाला एक कमी. मूल एकोणचाळीस ऐकतं आणि चाळीस धरून 49 लिहून मोकळं होतं. इथे वही बाजूला ठेवावी. चाळीस वस्तू मांडाव्यात, दहाच्या चार रांगा, आणि शेवटच्या रांगेतली एक उचलून मुठीत झाकावी. समोर एकोणचाळीस. मूठ उघडली की चाळीस. हे तीन-चार दिवस खेळलं की पुढे एकोणनव्वदपर्यंत विचारावं लागत नाही. फक्त नव्व्याण्णव आपली शिस्त मोडतो, ते त्याला स्वतःला शोधू द्यावं.

लिपीचं थोडं. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं अक्षरं गिरवायला लावली की चार महिने जातात आणि मुलाला एक शब्द वाचता येत नाही. त्यापेक्षा चार अक्षरं आणि एक काना. क, न, र, स. त्यातून नाक, कान, रस, रान, काका, नाना, सारस. पहिल्याच आठवड्यात सात शब्द, आणि त्यातले काका आणि नाना फोनवर खरेखुरे दिसतात. पुढच्या आठवड्यात म, ल, ग घालावेत. काकूंच्या खोक्यातल्या दुरेघी वह्यांचं महत्त्व इथे कळतं. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं अक्षर रेघेला लटकतं. तिथल्या एकरेघी वहीत मूल क खालच्या रेघेवर बसवतं, मग वर शिरोरेषा मारताना हात वाकडा जातो आणि शब्द उताराला लागतो. दुरेघी वहीत वरच्या रेघेपासून सुरुवात करायची, अक्षरं पूर्ण करायची आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेषा. दर अक्षराला वेगळी रेघ मारली तर शब्द सुटतो. आणखी एक खाच म्हणजे ल आणि श. फोनवर ते बरेचदा हिंदी वळणाचे दिसतात आणि आजीच्या हातचे वेगळे. राज्य सरकारच्या 2022 च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे. मुलाला दोन्ही दाखवावेत, लिहायला मात्र आजीचा द्यावा. उच्चारासाठी एकच वाक्य पुरे: चार चाकं. दोन च, दोन वेगळे. आणि ळ साठी वेळ आणि वेल. जीभ मागे वळली नाही तर वेळ वेलीवर चढते.

आता नदी. वर्ष जूनमध्ये सुरू करावं म्हटलं ते यासाठी.

नाशिकला गोदावरीचा पूर मोजायचं माप रामकुंडाजवळ उभं आहे. दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेपर्यंत चढलं, छातीला भिडलं, अशीच बातमी गावभर फिरते. पुलावर माणसं उभी असतात, फोन वर धरलेले, खाली गढूळ पाणी, पाण्याला मातीचा आणि निर्माल्याचा मिसळलेला वास. हे माप सातासमुद्रापार जातं, कारण त्याला फक्त एक आजोबा आणि एक फोन लागतो. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, धरणातून पाणी सोडतात त्या दिवसांत, आजोबांनी रोज एका शब्दात कळवायचं: घोटा, गुडघा, कंबर, छाती. तिकडे मुलानं चौकटीच्या वहीत आडव्या रेघेवर तारखा आणि उभ्या रेघेवर शरीराचे भाग लिहून ठिपके टाकायचे. शेजारी दुसरा आकडा, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो, बातम्यांत रोज असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. मुलानं घरातली बादली नळाखाली धरून किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून मोजावं. दहा लिटरला मिनिटभर लागलं तर आपला नळ सेकंदाला एका लिटरच्या सहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे एका क्युसेकला असे 168 नळ. मग 5,000 क्युसेक म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागत नाही, त्याचं तोंडच उघडं राहतं. आठ-दहा ठिपके झाले की दिसू लागतं की विसर्ग वाढल्यावर पाणी लगेच चढत नाही, धरणापासून रामकुंडापर्यंत यायला वेळ लागतो. आणि धरण शांत असलं तरी कधी पाणी चढतं, कारण खाली शहरातही पाऊस पडतो. हे सगळं बोलताना घोटा, विसर्ग, गढूळ, ओसरलं हे शब्द न शिकवता तोंडात बसतात. 'ओसरणे' हा शब्द कुठल्या शब्दपत्त्यावर शिकवणार? तो पाणी खाली गेलं त्या सकाळी आजोबांच्या तोंडून यावा लागतो.

पाऊस थांबला की नदी नकाशावर धरावी. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरी 1,465 किलोमीटर. इंग्लंडमधल्या शाळांचं वर्ष 190 दिवसांचं, म्हणजे 38 आठवड्यांचं. भागाकार मुलाकडून करून घ्यावा: आठवड्याला साधारण साडेअडतीस किलोमीटर. भिंतीवर नकाशा, त्यावर लोकरीचा निळा धागा, दर शुक्रवारी टाचणी तेवढी पुढे सरकवायची. पहिल्या आठवड्यात त्र्यंबकहून निघून आजीचं घर मागे पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नांदूरमध्यमेश्वर, 2020 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ, तिथले पक्षी. दसरा-दिवाळीच्या सुमारास पैठण आणि जायकवाडीचा पसारा. पुढे नांदेड, मग तेलंगणात शिरून भद्राचलम आणि आंध्रात राजमहेंद्री. तिथे पोचेपर्यंत तिकडचा उन्हाळा उगवलेला असतो. मुक्कामाच्या गावी काय पिकतं, कुठली भाषा बोलतात, धरण कुठलं, एवढंच मराठीत चार ओळी लिहायचं. या प्रकारात एकच गोष्ट बिघडते. मोठी माणसं उत्साहानं एका आठवड्यात पाच गावं उरकतात आणि मुलाला नदी आवडेनाशी होते. टाचणी साडेअडतीसच्या पुढे नेऊ नये.

मग पार्सलात काय पाठवावं? बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. जाड कागदी पुस्तकाचा टपालखर्च बहुधा त्याच्या छापील किमतीच्या वर जातो. तरी एक पुस्तक खरं असावं, वास घ्यायला, नाव घालायला. दगडी पाटी वाटेत फुटते, ती पाठवूच नये. दुरेघी वह्या जरूर, तिकडे मिळत नाहीत. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं "गिफ्ट" किंवा "स्टेशनरी" लिहिलं की खोकं अडकायची भीती. छापील पुस्तकं इतकी, वह्या इतक्या, वजन इतकं, किंमत इतकी, असं ओळीओळीनं लिहावं. पुस्तकांचा कस्टम वर्ग 4901, वह्यांचा 4820. पण सगळ्यांत मोलाचं जे जातं ते पाकिटातून जातं, आजीच्या हातचं पत्र. पंधरा दिवसांतून एक, मोठ्या अक्षरात, दहा ओळींच्या आत आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर द्यावंच लागेल. "तुमच्याकडे कावळे असतात का? किती वाजता ओरडतात?" मुलाचं उत्तर पाच ओळींचं, चुकांसकट. लाल पेन लावायचं नाही. आजीनं पुढच्या पत्रात तोच शब्द बरोबर वापरायचा, मूल बघतं. पाकिटावरचं तिकीट सोलून वहीत चिकटवावं आणि शेजारी मुलाचा भारतीय पासपोर्ट उघडून ठेवावा. पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, आणि टपालाची तिकिटंही तिथे छापतात. आजीच्या गावाहून आपल्या आधी काय काय जगात जातं, हे सात वर्षांच्या मुलाला फार भारी वाटतं.

परत येणाऱ्यांसाठी एवढंच. शिक्षणहक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, घरी शिकला म्हणून पहिलीत बसवता येत नाही. मात्र 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. पाचवीत थेट येणाऱ्या मुलाला वाचता येत नसेल तर पहिलं वर्ष जड जातं. तारखांच्या तीन ओळींची वही इथेही दाखवायला होते.

आणि चिंचोके. पेरायच्या बियांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि या मोजायच्या आहेत, पेरायच्या नाहीत, हे तिकडच्या कस्टमला कोण पटवणार? पण चिंच तिकडच्या आपल्या दुकानांत लादीनं मिळते. बियांसकटची लादी घ्यावी, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, कोळ काढून, चोथ्यातले चिंचोके धुऊन दोन दिवस सुकवावेत. बिनबियांची म्हणून घेतलेल्या लादीतही दोन-चार सापडतात. खेळायला चारच लागतात. खडबडीत फरशीवर एका बाजूनं पांढरं दिसेस्तोवर घासायचे, घासताना ते तापतात आणि भावंडाच्या दंडाला चटका द्यायचा मोह होतो, तो होऊ द्यावा. पाच बाय पाचचा अष्टाचंगाचा पट खडूनं आखायचा, एक नाशिकला, एक तिकडे. दोघांनीही दोन्हीकडच्या सोंगट्या हलवायच्या. पांढरे वर जितके, तितकं दान. चारही पांढरे तर चंगा, एकही नाही तर अष्टा. मुलाला दहा दिवस नुसतं खेळू द्यावं, मग विचारावं, दोन इतक्यांदा का पडतं? चार चिंचोके पडायचे सोळा प्रकार आहेत. सहांत दोन, चारांत एक, चारांत तीन, आणि चंगा-अष्टा एकेकातच. 160 दानं टाकून रेघोट्यांनी मोजलं तर दोन साठेक वेळा यायला हवं. येणार नाही, कारण घासलेली बाजू सपाट आणि पाठ फुगीर, चिंचोका दोन्ही अंगांवर सारखा पडत नाही. आजीच्या चिंचोक्यांचा तक्ता वेगळा, नातवाचा वेगळा. दोन्ही तक्ते फोनसमोर धरून भांडायचं, मराठीत.

त्या दुपारी हे काही काकूंना सांगायचं सुचलं नाही. खोकं पुन्हा बांधलं गेलं, चिकटपट्टीचा करकर आवाज झाला, वजन झालं, पाटी त्यांनी स्वतःच काढून पिशवीत ठेवली. त्या बाजूच्या बाकावर बसल्या आणि डबीतले चिंचोके मांडीवरच्या पदरात ओतून मोजू लागल्या, दोन-दोन करत, ओठ हलवत. माझं पाकीट खिडकीतून आत गेलं. ताईंनी खुर्ची मागे सरकवली, वाकून काउंटरच्या खालून काहीतरी उचललं आणि काचेखालून पुढे केलं. "काकू, हा एक इकडं आला होता."

काकू उठून आल्या. "तरीच म्हटलं, एकोणचाळीस कसे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली गेला नव्हता. "चाळीस टाकले होते मी."